पाला आधी की पाणी?

कोयता निसटून बोटावर बसला, की कोकणात देवरूखच्या आसपासच्या वाड्यांमध्ये पहिला हात जातो तो बांधावरच्या पाल्याकडे. दगडीपाला दिसला तर दगडीपाला, नाहीतर रानमोडी. दोन्ही नसले तर घरी येऊन हळद. राबासाठी कवळ तोडताना, करवंदीच्या जाळीतून वाट काढताना, आंबा उतरवताना अशा जखमा होतच असतात आणि त्यांच्यासाठी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. या सवयीचे काय करायचे, यावर शहाण्या माणसांतही एकमत नाही. दोन्ही बाजूंना त्यांच्या पुऱ्या ताकदीनिशी बोलता यावे म्हणून इथे त्या दोन व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत. एक साशंक, दुसरी आग्रही. दोघांनाही कोकणातला पाऊस, चिखल आणि जखमा नीट ठाऊक आहेत.

साशंक: माझा आक्षेप पाल्यावर नाही, पाल्याच्या नावावर जमा होणाऱ्या श्रेयावर आहे. बोटाला चीर पडली तर निरोगी माणसात ती आठ-दहा दिवसांत भरून येते. काही लावा, न लावा. रक्त गोठतं, खपली धरते, खालून नवी कातडी येते, हे काम शरीर स्वतःच करतं. त्या मुदतीत जे काही लावलं असेल ते औषध ठरतं. म्हणजे ज्या जखमेला औषधाची गरजच नव्हती तिच्यावर पाला हमखास यशस्वी होतो. आणि जखम चिघळली तर? मग पाल्याला कुणी बोल लावत नाही. ‘वांगं खाल्लं असेल’, ‘आंबट सोडलं नाही’, ‘पथ्य मोडलं’ असं म्हणतात. यशाचं श्रेय पाल्याला आणि अपयशाचं खापर जखमी माणसाच्या जेवणावर. असा हिशेब मांडला तर कुठलंही औषध कधीच नापास होणार नाही.

आग्रही: जखम भरण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य करते. पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाला जखम दहा दिवसांनी भरेल की बारा, ही चिंताच नसते. त्याला वाहतं रक्त थांबवायचं असतं. पाला चुरगळून, रस जखमेवर पिळून, चोथा दाबून धरला की रक्त थांबतं. हा अनुभव पथ्यापाण्याच्या गोष्टीसारखा धूसर नाही. तो मिनिटांत डोळ्यांसमोर घडतो. थांबलं की नाही हे कुणालाही दिसतं, आणि ज्या पाल्याने थांबत नाही तो पाला लोक सोडून देतात. दगडीपाल्यावर आपल्या देशात १९८०च्या दशकापासून प्रयोग झाले आहेत. रानमोडीच्या अर्काने रक्त लवकर गोठतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, आणि व्हिएतनाममध्ये तर तिच्या पानांचा अर्क जखमांवर आणि भाजण्यावर वापरला गेला. तिथले शेतकरी आणि आपल्या साडवलीचे, मार्लेश्वरच्या वाटेवरचे शेतकरी एकमेकांना भेटले नव्हते.

साशंक: दगडीपाल्याचे ते प्रयोग बहुतेक उंदरांवर झाले. उंदराची कातडी सैल असते, तिची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची तशी मिटत नाही. शिवाय प्रयोगात मोजून काढलेला अर्क असतो, गुरांच्या वाटेवरून खुडलेलं पान नसतं. राहिला रक्ताचा मुद्दा. तुम्हीच म्हणालात, ‘चोथा दाबून धरला की’. त्यातलं दाबणं किती आणि चोथा किती? स्वच्छ फडकं तेवढाच वेळ, तेवढ्याच जोराने दाबलं असतं तरी बोटाचं रक्त थांबलंच असतं.

आग्रही: थांबलं असतं. मात्र भर लावणीत, चिखलपाण्यात उभ्या असलेल्या बाईकडे स्वच्छ फडकं कुठून आणायचं? पदर चिखलाने माखलेला, इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावर. आसपासची त्यातल्या त्यात स्वच्छ वस्तू म्हणजे पावसाने धुतलेलं पानच.

इथे संवाद थोडा थांबवून एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘पाला लागू पडतो का’ असा एकच प्रश्न आपण विचारतो, पण त्यात निदान चार प्रश्न दडलेले आहेत: रक्त थांबते का, जंतू मरतात का, जखम झाकली जाते का आणि ती लवकर भरते का. एकाच पानाचे उत्तर चारही ठिकाणी सारखे येईल असे मानायला काहीच आधार नाही. पुढचा वाद याच फटींमधून वाढत जातो.

साशंक: ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द मला नेहमी ऐकवले जातात. पण तुमच्या यादीतल्या वनस्पती तरी पाहा. दगडीपाला मूळचा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचा. रानमोडीही तिकडचीच, ती भारतात आली एकोणिसाव्या शतकात आणि सह्याद्रीत फोफावली ती त्याहून उशिरा. पानाच्या कडेला कोंब फुटणारी घायमारी मादागास्करची. यांतल्या एकीचीही सुश्रुताशी गाठ पडली नव्हती. मग ही परंपरा कुठल्या ग्रंथातली?

आग्रही: ग्रंथातली नाहीच, आणि माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे! परक्या मुलखातून एक तण येतं, बागा आणि माळ व्यापतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतात. आणि दोन-तीन पिढ्यांत तेच शेतकरी त्याचा पाला जखमेवर चोळू लागतात. हे आजोबांनी सांगितलेलं नव्हतं, कारण आजोबांच्या लहानपणी ते झुडूप इथं नव्हतंच. केरळात त्याच रानमोडीला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात आणि तिथेही ती जखमेवर लावतात. याचा अर्थ लोक पाठ केलेलं म्हणत बसले नाहीत. त्यांनी वास घेतला, चोळून पाहिलं, झोंबतं का ते पाहिलं, रक्त थांबतं का ते पाहिलं आणि मग शेजाऱ्याला सांगितलं. तुम्ही ज्याला परंपरा म्हणून बाजूला सारता, ती बांधावर अजून चालू असलेली तपासणी आहे.

साशंक: तपासणी आहे हे मी मान्य करतो. तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच मला विचारायचं आहे. रक्त मिनिटांत थांबतं, म्हणून ते तिला दिसतं. धनुर्वात तिला दिसत नाही. त्याचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं पडून असतात. काट्याच्या टोकाएवढ्या जखमेतूनही ते आत जातात. लक्षणं दिसायला साधारण ३ ते २१ दिवस लागतात. तोवर जखम वरून मिटलेली असते, पाला फेकलेला असतो. जबडा आवळला जातो तेव्हा घरातल्या कुणालाही तो काटा आठवत नाही. शंभर माणसांनी बांधावरची माती लागलेला पाला लावला आणि शंभरही धडधाकट राहिली तर शेजारी काय सांगणार? पाला उत्तम! पुढे कधीतरी एखादा त्यात गेला, तर त्याचा संबंध त्या पाल्याशी कोण जोडणार? जे दुर्मीळ आहे आणि उशिरा घडतं ते अनुभवाच्या हिशेबात येतच नाही.

आग्रही: म्हणून तर इंजेक्शन आहे. ते घेऊ नका असं माझ्या बाजूचं कुणी म्हणत नाही.

साशंक: पण कुणी घेतलेलं असतं? भारतात सर्वांसाठी लसीकरणाचा कार्यक्रम उभा राहिला तो १९७८ नंतर, आणि तो सर्वदूर नेण्याची खरी मोहीम सुरू व्हायला १९८५ उजाडलं. आज साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला लहानपणी एकही डोस मिळालेला नसण्याचीच शक्यता जास्त. बायकांना निदान गरोदरपणी दोन इंजेक्शनं मिळतात. पुरुषाला मिळतात ती जखम घेऊन दवाखान्यात गेला तर. आणि त्याने दवाखान्यात जाऊ नये याची सोय तुमचा पाला करतो! माझी खरी भीती ही आहे. पाल्यात विष आहे असं मी म्हणत नाही. ‘उपचार झाला’ असं समाधान तो देतो आणि त्या समाधानापायी माणूस घरी बसतो.

आग्रहीच्या बाजूला यावर सहज देता येईल असे उत्तर नाही आणि ते तिच्या तोंडी घालण्यात अर्थही नाही. धनुर्वाताचे हे भय देवरूखला वेगळे सांगावे लागू नये. इंदिराबाई हळबे, म्हणजे साऱ्या तालुक्याच्या मावशी, यांनी १९५४ मध्ये इथे मातृमंदिराची सुरुवात केली ती बाळंतिणींच्या सोयीपासून. नाळ कशाने कापली आणि तिच्यावर काय लावले, यावर नवजात बाळाचे जगणे ठरण्याचा तो काळ होता. मातांचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. ते घडले इंजेक्शनाने, दवाखान्यातल्या बाळंतपणाने आणि स्वच्छ पात्याने. पण मातीतले बीजाणू कुठेही गेलेले नाहीत, आणि हा आजार माणसाकडून माणसाला होत नसल्यामुळे शेजाऱ्याने घेतलेली लस आपल्याला वाचवत नाही.

आग्रही: मग मी माझी बाजू आवरून घेते, सोडत मात्र नाही. शेण, चुलीतली राख, पानाच्या डब्यातला चुना, चहापूड यांची वकिली मी करणार नाही.

साशंक: का नाही? ज्या आजीने दगडीपाला सांगितला तिनेच शेणही सांगितलं होतं. बिब्ब्याचं तेलही तिनेच सांगितलं. टाचेच्या भेगेत बिब्बा भरताना तो उतला की केवढाले फोड येतात, ते कोकणात ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक त्याच कुळातले. तेही झाडाचेच, तेही नैसर्गिक. एकाच तोंडून आलेल्या दहा उपायांतले चार ठेवायचे आणि सहा टाकायचे हे तुम्ही कशाच्या आधारावर ठरवता? आजीच्या अनुभवावर नक्कीच नाही.

आग्रही: संशोधनाच्या आधारावर. पण ती चाळणी डॉक्टरांनाही लावा. जखमेत फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, ‘उघडी ठेवा, वारा लागू द्या, सुकू द्या’ असं सांगायचं, हे आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचे दवाखान्यातले उपचार. पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही मारतात. आणि वारा लागू देण्याचं म्हणाल तर जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की ओलसर झाकलेल्या जखमेवर कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने धरते. तरी ‘सुकू द्या’ पुढे कित्येक वर्षं चालूच राहिलं. सुश्रुतसंहितेत व्रणासाठी साठ उपक्रम आहेत. धुणं, शोधन, रोपण, बांधणं असे वेगवेगळे. मध आणि तूप लावून बांधायला त्यात सांगितलं आहे. मधाच्या पट्ट्या आज परदेशी रुग्णालयांत मिळतात, आणि मर्यादित खोलीच्या भाजण्यावर मधाने जखम लवकर भरते हे अनेक चाचण्या एकत्र तपासून मान्य झालं आहे.

साशंक: मध मान्य. ज्याची चाचणी झाली ते मान्य. त्याच चाळणीत कोरफड घातली तेव्हा २०१२च्या आढाव्यात भरवशाचा पुरावाच सापडला नाही, हेही सांगा. आणि हळदीचं काय?

आग्रही: हळदीची लढाई तर आपण जिंकली! मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. माशेलात जन्मलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं. संस्कृत ग्रंथांपासून १९५३च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

साशंक: रद्द कशासाठी झालं? हळदीने जखम भरते हे सिद्ध झालं म्हणून नव्हे. हा उपयोग नवा नाही, भारतात लोकांना आधीपासून ठाऊक आहे, एवढंच सिद्ध झालं. ‘जुनं आहे’ हा एक निकाल, ‘गुणकारी आहे’ हा दुसरा. आपण पहिला जिंकलो आणि दुसराही जिंकल्यासारखे वागलो. हळदीतल्या कुरकुमिनवर हजारो शोधनिबंध आहेत, आणि २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी ते तपासले तेव्हा काटेकोर मानवी चाचणीत यश मिळाल्याचं एकही उदाहरण त्यांना सापडलं नाही. शिवाय स्वयंपाकघरातली हळदपूड निर्जंतुक नसते. मसाल्यांच्या पुडीत जिवाणूंचे बीजाणू असतात. बांगलादेशात तर रंग उठावा म्हणून हळदीत शिशाचं पिवळं संयुग मिसळल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. उघड्या जखमेत ती पूड दाबताना आपण नेमकं काय दाबतो आहोत?

आग्रही: मग आता मुंबईची गोष्ट ऐका, कारण ती आपल्या दोघांनाही अडचणीत टाकणारी आहे. वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्ट्या केल्या आणि बटाट्याच्या सालींशी त्यांची तुलना केली. २००३ मध्ये ते काम छापून आलं. जखम दोन्हींनी सारखीच भरली आणि केळीचं पान पुष्कळ स्वस्त पडलं. चकचकीत पानाला जखम चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना मूल किंचाळत नाही. भाजलेल्या पोराची चिकटलेली पट्टी सोडवताना ज्याने पाहिलं आहे त्याला यातलं मोठेपण कळेल. आपल्या परसातलं पान, आपल्याच डॉक्टरांनी तपासलेलं, गरिबाच्या पोरासाठी.

साशंक: यात मी अडचणीत कसा आलो? ते पान वाफेने निर्जंतुक केलं होतं. ते औषध म्हणून लावलं नव्हतं, आच्छादन म्हणून लावलं होतं. तिथे वनस्पतीचा गुण म्हणजे तिचा गुळगुळीतपणा आणि ओल धरून ठेवणं. रस नाही, अर्क नाही.

आग्रही: म्हणूनच म्हणते दोघंही अडचणीत. मी वर्षानुवर्षं पानाच्या रसाबद्दल भांडले आणि सिद्ध झाला तो पानाचा पृष्ठभाग. तुम्ही म्हणत होता की परसातल्या पानाला दवाखान्यात जागा नाही. ती मिळाली. आपला वाद पान विरुद्ध औषध असा नव्हताच. पान कुठल्या कामाला आणि कुठल्या तयारीने, असा तो होता.

साशंक: तयारीवरच मी अडून आहे. देवरूखच्या बांधावर वाफ कुठून आणणार?

या प्रश्नाभोवती दोन्ही बाजूंना बराच वेळ घुटमळावे लागते, आणि ते योग्यच आहे. स्वच्छ पिण्याच्या पाण्याने जखम धुतली तर ती सलाइनने धुतल्याइतकीच चांगली राहते, असे चाचण्यांमधून दिसले आहे. म्हणजे सर्वांत भरवशाचा पहिला उपचार नळाला, विहिरीच्या पोहऱ्यात किंवा शेतावर नेलेल्या पाण्याच्या बाटलीत असतो. ते पाणी आणि पाला यांत आधी काय, हा क्रम मात्र सवयीने उलटा पडला आहे. त्यात मधुमेहाची भर पडली. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला जांभ्याची खरचट लागते ती कळत नाही, आणि त्याची मामुली जखम मामुली राहत नाही. पावसाळ्यात चिखल्या झालेल्या बोटांमधून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शिरतो. तिथे मेंदी किंवा कोकमाचे मुठेल कातडी मऊ ठेवील, ताप अडवणार नाही.

साशंक: मला शाळेच्या आणि आशाताईंच्या भिंतीवर एक कागद लावायचा आहे. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. स्वच्छ कापड दाबून धरा. झाका. मागचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल तर घेऊन टाका. खोल जखम, माती गेलेली जखम, साखरेच्या रुग्णाच्या पायाची जखम थेट दवाखान्यात. एवढंच. पाल्याचं नाव नाही.

आग्रही: त्यात माझी एक ओळ घाला. पाणी आणि कापड हाताशी नसेल तर धुतलेलं पान दाबून रक्त थांबवा, आणि घरी आल्यावर ते काढून जखम धुवा. ही ओळ नसेल तर कोयता लागलेला माणूस तुमचा कागद वाचून म्हणेल, हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही.

साशंक: आणि ती असेल तर तो पहिला अर्धा भाग लक्षात ठेवील. ‘काढून जखम धुवा’ गळून पडेल. पान तसंच, वर फडकं बांधलेलं, तीन दिवस. त्यापेक्षा चाचणी करू. रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. किरकोळ जखमांचे दोन गट करा: एकात नुसतं कापड दाबायचं, दुसऱ्यात धुतलेली रानमोडी. रक्त थांबायला लागलेला वेळ, पू झाला की नाही, किती दिवसांत भरली, सगळं लिहून ठेवा. इंजेक्शन दोन्ही गटांना. निकाल तुमच्या बाजूने लागला तर ती ओळ मी स्वतः लिहीन.

आग्रही: पैसे कोण देणार? हळदीचं पेटंट रद्द करून आपण हे ज्ञान सगळ्यांचं केलं. ते व्हायलाच हवं होतं. पण जे सगळ्यांचं त्यावर खर्च करायला एकही कंपनी पुढे येत नाही. रानमोडी विकून कुणाला नफा होणार? बांधावरचा कारिवणा परदेशी मलमांच्या नळ्यांत जातो, कारण त्याचा अर्क काढून विकता येतो. चुरगळलेलं पान विकता येत नाही. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषधी दोऱ्याच्या उपचाराची, चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केली, १९९१ मध्ये तिचे निकाल आले. जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिवस लागले, पण दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. म्हणजे सरकारने मनात आणलं तर होतं. तेवढं बांधावरच्या पाल्यासाठी कुणी मनात आणेल का?

साशंक: आणावं. हा खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. पण निकाल येईपर्यंत ती ओळ कागदावर येणार नाही.

आग्रही: आणि मी ती तोंडी सांगत राहीन, धुण्याची आणि इंजेक्शनची अट घालून. माझं सांगणं कापणीच्या दिवशी बांधापर्यंत पोचतं, तुमचा कागद भिंतीवर राहतो.

साशंक: तुमच्या सांगण्यातली अट बांधापर्यंत पोचते का? चाचणी करायचीच असेल तर हेही त्यात मोजा. पुढच्या लावणीनंतर घरोघरी विचारायचं: पान लावलं होतंत का, आणि लावलं असेल तर ते काढून जखम कधी धुतलीत.